ओसरी वेगळी, माजघर वेगळे : कंपनीचे संकेतस्थळ आणि बिलभरणा यांत भिंत का हवी?

विजेचे बिल, ब्रॉडबँडचे मासिक शुल्क, विम्याचा हप्ता, पाईप गॅसचे देयक ही सारी कामे आता रांगेत उभे न राहता होतात. कंपनीच्या संकेतस्थळावर जायचे, 'बिल भरा' या शब्दांवर क्लिक करायचे आणि पैसे चुकते करायचे, एवढाच काय तो व्याप. मात्र त्या क्लिकनंतर पडद्यावर जे घडते त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ब्राउझरच्या पट्टीतील पत्ता बदलतो. पानाची मांडणी साधी, काहीशी रूक्ष होते. हसऱ्या कुटुंबाची छायाचित्रे, सरकत्या घोषणा आणि नव्या योजनांच्या जाहिराती नाहीशा होतात. आपण अजून त्याच कंपनीच्या दारात आहोत ना, अशी शंका सावध ग्राहकाच्या मनात डोकावते आणि ती रास्तही असते.

अनेक ठिकाणी हा बदल हेतुपुरस्सर केलेला असतो. कंपनीची माहिती देणारे मुख्य संकेतस्थळ आणि ग्राहकांची खाती, बिले व पैसे सांभाळणारे दालन या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवाव्यात, हे संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रातील जुने आणि मान्य झालेले सूत्र आहे. ते न पाळल्याची जबर किंमत मोठमोठ्या कंपन्यांनी मोजली आहे. मात्र ते अर्धवट समजून पाळल्यास ग्राहकाचा गोंधळ उडतो आणि फसवणूक करणाऱ्यांचे फावते, हेही तितकेच खरे. म्हणूनच भिंत नेमकी कुठे बांधायची आणि कुठे बांधायची नाही, हे समजून घेणे व्यावसायिकांइतकेच ग्राहकांच्याही हिताचे आहे.

दोन कामे, दोन स्वभाव

जुन्या वाड्यांत ओसरी आणि माजघर यांचा वापर निराळा असे. ओसरीवर कोणीही यावे, बसावे, पाणी प्यावे. माजघरात मात्र घरच्यांचाच वावर, कारण दागदागिने, कागदपत्रे, धान्याची कोठी सारे आतल्या बाजूला असे. कंपनीचे मुख्य संकेतस्थळ ही ओसरी होय. तेथे जितके लोक येतील तितके चांगले. जाहिरात विभागाला तेथे दर आठवड्याला नवी योजना लावायची असते, मनुष्यबळ विभागाला नोकरभरतीची सूचना द्यायची असते, बाहेरच्या जाहिरात संस्थेला नवे चित्र टाकायचे असते. किती लोक आले, कोठून आले, कोणत्या पानावर थांबले, हे मोजणारी साधने तेथे बसवलेली असतात. प्रश्नांना उत्तरे देणारा 'चॅटबॉट' असतो, फेसबुक आणि यूट्यूबची खिडकी असते. यांपैकी बहुतेक साधने दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली आणि दुसऱ्याच्याच संगणकावरून येणारी असतात.

जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे 'वर्डप्रेस' या एकाच प्रणालीवर चालतात. ती मोफत आहे, सोपी आहे आणि तिला हजारो जोडण्या, म्हणजे 'प्लगइन', लावता येतात. एखादी जोडणी तिच्या कर्त्याने सांभाळणे सोडून दिले किंवा संकेतस्थळाच्या मालकाने ती अद्ययावत केली नाही, तर तेच चोराचे दार ठरू शकते. मुख्य संकेतस्थळावर सदैव बदल होत राहणार, अनेक हात त्याला लागणार आणि त्यात अधूनमधून फट राहणार, हे गृहीत धरावेच लागते.

बिलभरण्याचे दालन याच्या अगदी उलट स्वभावाचे असते. तेथे ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, ग्राहक क्रमांक, मागील बिले, थकबाकी आणि भरण्याचा तपशील असतो. तेथील मांडणी वर्षानुवर्षे बदलली नाही तरी चालते. किंबहुना जितकी कमी बदलेल तितके बरे. तेथे जाहिरात नको, मोजणी नको, पाहुणा नको. ज्या कर्मचाऱ्याला मुख्य पानावरचे चित्र बदलायचे आहे, त्याच्या हाती या दालनाची किल्ली असण्याचे काहीच कारण नाही. ही दोन्ही कामे एकाच सर्व्हरवर, एकाच डेटाबेसमध्ये आणि एकाच पासवर्डाखाली ठेवली, तर ओसरीवरची फट थेट माजघरात उघडते.

ब्रिटिश एअरवेजला पडलेला फटका

हे कसे घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीचे आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कंपनीने जाहीर केले, की २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या काळात तिच्या संकेतस्थळावर आणि मोबाईल अॅपवर झालेल्या सुमारे ३ लाख ८० हजार व्यवहारांतील कार्डांचा तपशील चोरीला गेला आहे. त्यानंतर काही दिवसांतच 'रिस्कआयक्यू' या सुरक्षा कंपनीने चोरीची रीत उलगडून दाखवली.

ब्रिटिश एअरवेजच्या पानांवर 'मॉडर्नायझर' नावाची एक छोटी संगणकीय फाईल वापरली जात होती. ग्राहकाच्या ब्राउझरला कोणकोणत्या सोयी जमतात, एवढेच तपासणे हे या फाईलचे काम. पैशांशी तिचा काडीचाही संबंध नाही. सामानाच्या दाव्यांसंबंधीच्या माहितीच्या पानाकडून ती येत होती आणि तिची ती प्रत २०१२ पासून कोणी बदललेली नव्हती. चोरांनी या फाईलच्या तळाशी अवघ्या २२ ओळी जोडल्या. ग्राहकाने पैसे भरण्याच्या बटणावरून बोट किंवा माऊस उचलला, की त्याने भरलेली सारी माहिती गोळा करायची आणि चोरांच्या सर्व्हरकडे पाठवायची, एवढेच त्या ओळींचे काम होते. तो सर्व्हर ज्या पत्त्यावर होता त्याचे नाव 'बीएवेज.कॉम' असे होते. वरवर पाहणाऱ्याला ते कंपनीचेच वाटावे, अशी त्यात योजना होती. मोबाईल अॅपही काही पाने संकेतस्थळावरूनच उचलत असल्यामुळे अॅपचे ग्राहकही त्यात सापडले.

ग्राहकाच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते. पत्ता खरा होता, कुलपाचे चिन्ह होते, तिकीटही मिळत होते. चोरी पडद्यावर दिसत नव्हती, कारण ती कंपनीच्याच पानावर कंपनीच्याच फाईलमधून होत होती.

ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी या प्रकरणाचा तपास केला. हल्लेखोर २२ जून २०१८ रोजीच कंपनीच्या जाळ्यात शिरले होते आणि मालवाहतूक हाताळणाऱ्या एका बाह्य कंपनीच्या कर्मचाऱ्याचे लॉगिन त्यांनी त्यासाठी वापरले होते, असे त्यात निष्पन्न झाले. तेथून पुढे सरकत त्यांनी वरच्या अधिकाराचे पासवर्ड मिळवले. कंपनीला स्वतःला त्याचा सुगावा लागला नाही. दोन महिन्यांहून अधिक काळानंतर बाहेरच्या व्यक्तीने कळवल्यावर तो लागला. एकूण सुमारे ४ लाख २९ हजार ग्राहक व कर्मचारी बाधित झाले असावेत आणि त्यांपैकी २ लाख ४४ हजार ग्राहकांचे नाव, पत्ता, कार्ड क्रमांक व मागील बाजूचा तीन अंकी सुरक्षा क्रमांक असे सर्वच चोरांच्या हाती गेले असावे, असा आयुक्तांचा निष्कर्ष होता. जुलै २०१९ मध्ये १८ कोटी पौंडांहून अधिक दंडाचा इरादा आयुक्तांनी जाहीर केला होता. कंपनीची बाजू आणि करोनाकाळातील तिची आर्थिक स्थिती विचारात घेऊन ऑक्टोबर २०२० मध्ये तो २ कोटी पौंड ठरवण्यात आला.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सामानाच्या माहितीच्या पानाला लागणारी फाईल पैसे भरण्याच्या पानावर येऊ दिली नसती, तर या मार्गाने कार्डांची माहिती चोरता आली नसती. दुसरे म्हणजे नुसता पत्ता वेगळा असूनही भागले नसते. बाहेरच्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरून आत शिरलेल्याला थेट भरणा पानाची फाईल बदलण्याइतकी मजल मारता येत असेल, तर भिंत केवळ रंगवलेली आहे, बांधलेली नाही, असेच म्हणावे लागते.

मदतनीस चुकीच्या खोलीत

त्याच वर्षी 'तिकीटमास्टर' या तिकीटविक्री कंपनीच्या ब्रिटनमधील शाखेचे प्रकरण उघड झाले. ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणारा चॅटबॉट तिने 'इन्बेंटा' या बाहेरच्या कंपनीकडून घेतला होता. हा चॅटबॉट मुख्य पानांवर होता तोवर ठीक. परंतु तो पैसे भरण्याच्या पानावरही बसवण्यात आला. हल्लेखोरांनी तिकीटमास्टरला हात न लावता चॅटबॉटची फाईलच बाधित केली आणि ती भरणा पानावर आयती पोहोचली. आपली फाईल पैसे भरण्याच्या पानावर वापरली जाणार आहे हे आपल्याला कळवलेच नव्हते, कळवले असते तर तसा सल्ला दिला नसता, अशी बाजू पुरवठादार कंपनीने मांडली.

बार्कलेज बँकेच्या ६० हजार कार्डांचा गैरवापर झाल्याचे तपासात आढळले, तर मोन्झो या बँकेने सहा हजार कार्डे बदलून दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिकीटमास्टरला साडेबारा लाख पौंडांचा दंड झाला. ओसरीवर बोलावलेला मदतनीस माजघरात नेऊन बसवला, तर त्याच्या मागोमाग कोण आत येईल याचा नेम नाही, हे या प्रकरणाचे सार.

अशा घटनांनंतर कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा मानकांतही बदल झाला. कार्डव्यवहार करणाऱ्या व्यावसायिकांना लागू असलेल्या 'पीसीआय डीएसएस' या मानकाची चौथी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली. भरणा पानावर चालणाऱ्या प्रत्येक संगणकीय फाईलची नोंद ठेवावी, ती तेथे का हवी याचे कारण लिहून ठेवावे आणि तीत परस्पर बदल झाल्यास ते लक्षात यावे, अशी अट तीत घालण्यात आली. ३१ मार्च २०२५ पासून ती बंधनकारक झाली आहे. भरणा पान मुख्य संकेतस्थळापासून अलग असेल तर अशी नोंद एका कागदावर मावते. दोन्ही एकत्र असतील, तर रोज बदलणाऱ्या डझनावारी फायलींचा हिशेब ठेवणे अवघड होऊन बसते.

भिंत कशी बांधतात?

संकेतस्थळांमधील भिंतीचे मूळ ब्राउझरमध्येच आहे. १९९५ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या लोकप्रिय ब्राउझरने एक नियम आणला. एका पत्त्यावरून आलेल्या पानातील संगणकीय आज्ञांना दुसऱ्या पत्त्यावरील पानात डोकावता येणार नाही, असा तो नियम. आजही सर्व ब्राउझर तो पाळतात. मात्र या नियमाची दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. एखाद्या पानाने बाहेरची फाईल स्वतःहून आत घेतली, तर त्या फाईलला त्या पानाचे सर्व अधिकार मिळतात. ग्राहक काय टंकलिखित करतो, हे ती वाचू शकते. वरील दोन्ही घटनांत हेच झाले.

म्हणून पहिली पायरी म्हणजे बिलभरण्याला स्वतंत्र पत्ता देणे. मुख्य संकेतस्थळ 'अमुककंपनी.इन' असेल तर भरणा दालन 'बिल.अमुककंपनी.इन' असे ठेवता येते. याला उपनाव म्हणता येईल. ब्राउझर या दोन्ही पत्त्यांना परस्परांपासून वेगळे मानतो.

दुसरी पायरी 'कुकी'ची. ग्राहकाने लॉगिन केले की संकेतस्थळ त्याच्या ब्राउझरला एक चिठ्ठी देते. पुढच्या प्रत्येक पानावर ती चिठ्ठी दाखवली की ओळख पटते. ही चिठ्ठी केवळ 'बिल.अमुककंपनी.इन' या दालनापुरती लिहिलेली असेल तर ती तेथेच राहते. ती संपूर्ण 'अमुककंपनी.इन' या नावासाठी लिहिली, तर मुख्य संकेतस्थळासह सर्व उपनावांकडेही ती जाते आणि तेथे शिरलेल्या चोराच्या हाती लागू शकते. पत्ता वेगळा करूनही चिठ्ठी सामायिक ठेवणे, ही वारंवार होणारी चूक आहे.

संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात सर्वपरिचित असलेल्या 'गिटहब' या कंपनीने याच कारणासाठी एप्रिल २०१३ मध्ये मोठा बदल केला. तिच्या सदस्यांना स्वतःची पाने 'गिटहब.कॉम'च्या उपनावांवर प्रसिद्ध करता येत असत. सदस्यांनी लिहिलेल्या पानांमुळे मुख्य खात्यांच्या चिठ्ठ्यांना धोका पोहोचू नये आणि त्यांच्या नावावर कोणी बनावट पाने थाटू नयेत, म्हणून ही सर्व पाने 'गिटहब.आयओ' या संपूर्ण निराळ्या नावावर हलवण्यात आली. ज्या पानांवर आपला ताबा नाही ती आपल्या नावाबाहेर, हा त्यामागचा विचार होता.

तिसरी पायरी पडद्यामागची आणि सर्वांत महत्त्वाची. दोन्ही दालनांचे सर्व्हर वेगळे, डेटाबेस वेगळे, व्यवस्थापकांचे पासवर्ड वेगळे. मुख्य संकेतस्थळ सांभाळणाऱ्या संस्थेला भरणा दालनात प्रवेश नसावा. मुख्य संकेतस्थळाला ग्राहकाच्या खात्यातील काही माहिती दाखवायची असेलच, तर तिने थेट डेटाबेसमध्ये हात न घालता ठरावीक प्रश्न विचारावा आणि तेवढेच उत्तर मिळावे, अशी रचना हवी. बँकेत काउंटरपलीकडे जाऊन कपाट उघडता येत नाही, खिडकीतून मागावे लागते, तसेच हे.

या विभागणीचा आणखी एक लाभ आहे. वळवाच्या पावसात एखाद्या भागाची वीज गेली, की हजारो ग्राहक एकाच वेळी कंपनीच्या संकेतस्थळाकडे धाव घेतात. तो दिवस बिलाच्या मुदतीचा शेवटचा दिवस असेल आणि दोन्ही कामे एकाच सर्व्हरवर असतील, तर चौकशी करणाऱ्यांच्या गर्दीत भरणाही ठप्प होतो आणि ग्राहकाला विलंब आकाराचा भुर्दंड बसतो. सर्व्हर वेगळे असल्यास ओसरीवर कितीही गर्दी झाली तरी आतले काम चालू राहते.

पाटी मात्र एकच हवी

एवढे वाचून एखाद्याला वाटेल, की बिलभरण्यासाठी अगदी नवेच नाव घेतले तर सर्वांत उत्तम. येथेच दुसरा धोका दडलेला आहे. अमेरिकेतील 'इक्विफॅक्स' या पतमापन कंपनीने तो ओढवून घेतला.

७ सप्टेंबर २०१७ रोजी इक्विफॅक्सने १४ कोटींहून अधिक अमेरिकी नागरिकांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर केले. आपली माहिती गेली आहे का, हे नागरिकांना पाहता यावे म्हणून तिने मुख्य संकेतस्थळापासून अलग असे नवे संकेतस्थळ उभारले. त्याचे नाव 'इक्विफॅक्ससिक्युरिटी२०१७.कॉम'. हे नाव कंपनीचेच आहे हे ओळखण्याची कोणतीही खूण त्यात नव्हती. असे नाव कोणीही विकत घेऊ शकतो. तसे घेऊन दाखवलेही गेले. एका संगणकतज्ज्ञाने शब्दांची उलटापालट करून 'सिक्युरिटीइक्विफॅक्स२०१७.कॉम' हे नाव नोंदवले आणि हुबेहूब तसेच पान उभे केले. लोकांना सावध करणे एवढाच त्याचा हेतू होता. पुढे जे झाले ते त्यालाही अनपेक्षित असावे. खुद्द इक्विफॅक्सच्याच ट्विटर खात्यावरून ग्राहकांना अनेकदा या नकली पानाचा दुवा देण्यात आला. कंपनीच्या स्वतःच्या माणसांनाच खरे-खोटे ओळखता आले नाही, तर ग्राहकाने ते कसे ओळखावे?

आत भिंत कितीही जाड असो, दारावरची पाटी ग्राहकाच्या ओळखीचीच हवी. सर्व्हर, डेटाबेस, पासवर्ड वेगळे करावेत; परंतु कंपनीचे मूळ नाव सोडू नये. उपनावाचा मार्ग म्हणूनच सोयीचा ठरतो.

महावितरणची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कंपनीचे मुख्य संकेतस्थळ 'महाडिस्कॉम.इन' या नावावर आहे आणि ग्राहकांची बिलविषयक सेवा अनेक वर्षे 'डब्ल्यूएसएस.महाडिस्कॉम.इन' या उपनावावर चालत आली आहे. दालन वेगळे, घराचे नाव तेच. भारतीय स्टेट बँकेचे मुख्य संकेतस्थळ आणि इंटरनेट बँकिंग यांची नावे मात्र अनेक वर्षे पूर्णतः वेगळी होती. पहिले 'एसबीआय.को.इन', तर दुसरे 'ऑनलाइनएसबीआय.कॉम'. नियमित ग्राहकाला दोन्ही पाठ असत. नवख्याला दुसरे खरे की खोटे हे विचारूनच घ्यावे लागे.

बँकांपुरता हा प्रश्न रिझर्व्ह बँकेने नियमानेच सोडवायला घेतला. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने बँकांसाठी '.बँक.इन' या राखीव नावाची घोषणा केली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर यावे, असे बजावले. हे नाव कोणालाही बाजारात विकत घेता येत नाही. हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडूनच ते मिळते. आत कितीही दालने असली तरी पत्त्याच्या शेवटी ही खूण दिसली, की घर बँकेचेच आहे याची खात्री पटते. वीज, गॅस, ब्रॉडबँड कंपन्यांना असे राखीव नाव नाही. तेथे भिस्त ग्राहकाच्या नजरेवरच आहे.

पत्ता उजवीकडून वाचावा

ही नजर कमवणे अवघड नाही. टपालाच्या पत्त्यात खोली क्रमांक आधी येतो आणि गाव शेवटी. इंटरनेटचा पत्ताही तसाच असतो. 'बिल.अमुककंपनी.इन' यात 'बिल' ही खोली आणि 'अमुककंपनी.इन' हे घर. घर कोणाचे हे शेवटचे भाग सांगतात. म्हणून पहिल्या तिरप्या रेषेपूर्वीचा मजकूर पाहावा आणि तो उजवीकडून वाचत यावे. एखाद्या संदेशात 'अमुककंपनी.बिल-भरा.इन' असा पत्ता आला, तर त्यात कंपनीचे नाव दिसत असले तरी ती केवळ खोलीची पाटी आहे. घर 'बिल-भरा.इन' या भलत्याच मालकाचे आहे. खोलीला कोणतेही नाव देता येते, घराच्या नावाची मात्र नोंदणी करावी लागते. फसवणूक करणारे याच अज्ञानाचा फायदा घेतात. कुलपाच्या चिन्हावर विसंबणेही पुरेसे नाही. वाटेत कोणी माहिती वाचत नाही, एवढीच हमी ते देते. पलीकडचा माणूस सज्जन आहे याची नव्हे.

२०२२ मध्ये महाराष्ट्रासह देशभर 'मागील महिन्याचे बिल न भरल्याने आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल' अशा आशयाच्या संदेशांचा सुळसुळाट झाला होता. वैयक्तिक मोबाईल क्रमांकांवरून येणाऱ्या अशा संदेशांना प्रतिसाद देऊ नये, असे आवाहन महावितरणला वारंवार करावे लागले. ते संदेश सरसकट सर्वांना पाठवले जात, म्हणून सावध माणूस त्यांतून सुटत असे. उद्या त्याच संदेशात आपला खरा ग्राहक क्रमांक, खरी रक्कम आणि खरी मुदत असेल, तर भले भले फसतील. बिलभरण्याच्या दालनातील माहितीचे मोल येथे आहे. ऑनलाइन कार्डव्यवहारांना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवण्यासही मनाई झाली. त्यामुळे येथे केवळ कार्ड क्रमांकाची चोरी पूर्वीइतकी फलदायी राहिलेली नाही. ग्राहकाकडूनच ओटीपी काढून घेण्यासाठी लागणारी विश्वासार्ह माहिती मात्र चोरांना हवीच आहे.

लहान व्यावसायिकाचे काय?

ठाण्यातील केबल-ब्रॉडबँड व्यावसायिक किंवा नाशिकमधील शिकवणी वर्ग यांना स्वतंत्र सर्व्हरांचा फौजफाटा परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. अशांनी माजघर स्वतः बांधूच नये. पैसे घेण्याचे पान परवानाधारक पेमेंट कंपनीकडे सोपवावे आणि ग्राहकाला थेट तिच्याच पानावर पाठवावे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या 'भारत बिलपे' व्यवस्थेतून नियमित बिले भरता येतात. तेथे ग्राहकाला व्यावसायिकाच्या संकेतस्थळावर येण्याचीही आवश्यकता उरत नाही. ग्राहकांची यादी व बिले सांभाळणारी प्रणाली लागणारच असेल, तर ती उपनावावर, वेगळ्या होस्टिंग खात्यावर आणि वेगळ्या पासवर्डाने ठेवावी. बिलिंग प्रणाली वर्डप्रेसच्याच शेजारच्या फोल्डरमध्ये टाकण्याची पद्धत स्वस्त आहे, पण एका जोडणीतील फटीमुळे दोन्ही गमावण्याची पाळी येते.

आधीपासून एकत्र असलेली दालने वेगळी करताना घाई करू नये. ग्राहकांनी जुना पत्ता साठवून ठेवलेला असतो. छापील बिलांवर, क्यूआर कोडमध्ये, एसएमएसच्या मजकुरात तोच असतो. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची सोय दीर्घकाळ चालू ठेवावी. बदलाची सूचना छापील बिलावर आधीच द्यावी. नूतनीकरण न झाल्याने सोडून दिलेले जुने नाव दुसरा कोणी विकत घेऊ शकतो, म्हणून ते वापरात नसले तरी ताब्यात ठेवावे. बंद केलेल्या उपनावांची नोंद काढून टाकावी, अन्यथा रिकाम्या खोलीत परका बिऱ्हाड थाटतो.

कायद्याचा रेटाही आता वाढत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. जाहिरातीचे पान आणि ग्राहकांची खाती एकाच किल्लीखाली ठेवणे 'वाजवी' ठरेल का, या प्रश्नाचे उत्तर व्यावसायिकांनी आताच शोधून ठेवलेले बरे.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे

• 'बिल भरा' म्हटल्यावर पत्त्याचा पहिला भाग बदलला तर घाबरू नये; शेवटचा भाग बदलला तर थांबून पाहावे.

• पूर्णतः वेगळे नाव किंवा पेमेंट कंपनीचे पान उघडले, तर आपण तेथे कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच आलो आहोत ना, याची खात्री करावी. संदेशातील दुव्यावरून आलो असल्यास पान बंद करावे.

• छापील बिलावरील पत्ता एकदा स्वतः टंकलिखित करून साठवून ठेवावा आणि दरमहा तोच वापरावा.

• भरणा पानावर जाहिराती, गप्पांच्या खिडक्या, भलत्याच योजना दिसत असतील तर कंपनीकडे लेखी विचारणा करावी. ग्राहकांनी विचारले, तर कंपन्यांना भिंत बांधावी लागते.

• संदेशात खरा ग्राहक क्रमांक व रक्कम आहे, एवढ्यावरून तो खरा मानू नये. कोणालाही ओटीपी सांगू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.